ताई, एक विचारायचं होतं : सरत्या वर्षाची पत्रं

डिसेंबर लागला की या सदराचं टपाल बदलतं. वर्षभर जागेच्या वाटण्या, सासू-सून, मुलांच्या शाळा. आणि आता पत्रामागून पत्रात ‘थर्टीफर्स्ट’. त्यातली काही पत्रं थोडी कमी करून देते आहे.

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर १ जानेवारीला भांडण होतं. ‘हे आपलं नववर्षच नाही, पाडवा हेच आपलं’ असं थोरले दीर लिहितात आणि शुभेच्छा देणाऱ्या पुतण्या-भाच्यांना गप्प बसवतात. कोण बरोबर?
— गृहिणी, ठाणे

तुमच्या दिरांची पाडव्यावरची माया मला समजते. शालिवाहन शक चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच बदलतो. पण शेजारच्या गुजराती घरातलं विक्रम संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतं, आणि आपले व्यापारीही वहीपूजन तेव्हाच करतात. सरकारने १९५७मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचं वर्ष २२ मार्चला सुरू होतं, लीप वर्षी २१ मार्चला. हिशेबाचं वर्ष १ एप्रिलला, शाळेचं जूनमध्ये. एवढी वर्षं एका घरात नांदतात आणि कुणाचं कुणाशी भांडण नसतं. १९७३पासून घरोघरी आलेलं कालनिर्णय बघा ना: पानं जानेवारी ते डिसेंबर, आणि त्यांच्यावर तिथी, चतुर्थी, एकादशी.

डोंबिवली-गिरगावच्या ज्या स्वागतयात्रांचे फोटो तुमचे दीर पाडव्याला पाठवत असतील, त्यांची प्रथाही काही शतकांची नाही, पंचवीसेक वर्षांतली आहे. ती तरुण पोरांनी वाढवली. ढोल तीच वाजवतात, नऊवारी नेसून बुलेटवर त्यांच्याच बहिणी बसतात. जानेवारीत ज्याला गप्प बसवलं, तो भाचा मार्चमध्ये गुढीची काठी धरायला उत्साहाने कसा येईल? हे त्यांना फोन करून सांगा, ग्रुपवर नको.

सोसायटीच्या गच्चीवर ३१ तारखेला रात्री दोनपर्यंत डीजे चालतो. पत्नीला रक्तदाबाचा त्रास आहे. तक्रार केली तर ‘एकच दिवस तर आहे काका’ म्हणतात. काय करावं?
— निवृत्त कर्मचारी, नाशिक

कायदा तुमच्या बाजूचा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२पर्यंत सूट देऊ शकतं आणि आपल्याकडे ३१ डिसेंबर बहुधा त्या यादीत असतो. म्हणजे बारापर्यंत तुम्हाला सोसावं लागेल, पण बारानंतर कुणालाच सूट नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. डीजेची भिंत तिच्या जवळपाससुद्धा थांबत नाही. नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्येच स्पष्ट केलं आहे.

पण त्या रात्री जिना चढून वर जाऊ नका. दोन पेग झालेल्या माणसाला नियम ऐकवून काही निघत नाही. आत्ताच कमिटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या आणि बाराला आवाज बंद करण्याची जबाबदारी कुणाची, ते नाव लिहून मागा. वहिनींच्या तब्येतीचं त्या मुलांना स्वतः सांगा. बहुतेक पोरांना खाली कोण आजारी आहे हे ठाऊकच नसतं. तरीही बारानंतर चालू राहिलंच, तर ११२ लावा आणि संकोच करू नका.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी दरवर्षी १ जानेवारीला खाडा करतात. ‘जयस्तंभाला जायचंय’ म्हणतात. नेमके त्याच दिवशी आमच्याकडे पाहुणे असतात. यंदा खाड्याचे पैसे कापावेत असं मनात आहे. चूक आहे का?
— नोकरदार स्त्री, कोथरूड, पुणे

हो, चूक आहे. मी शाळेत इतिहास शिकवायची, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पुण्याहून अहिल्यानगर रस्त्याने गेलात की भीमेच्या काठी, कोरेगाव भीमाजवळ पेरणे इथे तो दगडी स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ला तिथे ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी आणि दुसऱ्या बाजीरावाचं सैन्य यांच्यात लढाई झाली. कंपनीच्या त्या तुकडीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. स्तंभावर पडलेल्यांची नावं कोरली आहेत, त्यांत शेवटी ‘नाक’ असलेली, म्हणजे महार सैनिकांची, नावं ओळीने दिसतात. ज्यांना पेशवाईत गावाच्या रस्त्यावरून ताठ मानेने चालता येत नव्हतं, त्यांची नावं दगडावर. १ जानेवारी १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे अभिवादनाला गेले, त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तेव्हापासून लोक तिथे जात आले. २०१८मध्ये, लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा, तिथे हिंसाचार झाला. तरी पुढच्या वर्षी लोक आलेच.

माझ्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईंबरोबर मीही एकदा गेले आहे. पीएमपीच्या जादा बस, वळवलेली वाहतूक, लांबच लांब रांग. पांढऱ्या साड्या नेसलेल्या म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या लेकी, निळे झेंडे. आणि पुस्तकांचे स्टॉल! स्वतःला जेमतेम सही करता येणारी बाई नातीसाठी संविधानाची प्रत निवडून घेत होती, किंमत कमी करायला न सांगता. आपण ज्या दिवशी पार्टीच्या शिणाने उशिरा उठतो, त्या दिवशी ही माणसं पहाटेच घराबाहेर पडलेली असतात.

तुमच्या मावशी अचानक दांडी मारत नाहीत, दरवर्षी एकच तारीख सांगतात. तुम्हाला दिवाळीची, गणपतीची सुटी पगारासकट मिळते. घरकामगारांसाठी महाराष्ट्राने २००८मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला, पण भरपगारी सुटीचा हक्क त्यातून मिळाला नाही. त्यामुळे मावशींची ही सुटी तुमच्याच हातात आहे. ती पूर्ण पगारी द्या. पाहुण्यांना दोन तारखेला बोलवा, नाहीतर बाहेरून डबे मागवा. आणि मावशी परत आल्या की तिथे काय पाहिलं ते विचारा. रोज तुमच्या ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईला बहुधा कुणी हे विचारलेलं नसेल.

मुलगा १९ वर्षांचा आहे. मित्रांबरोबर लोणावळ्याला बंगला घेऊन ३१ डिसेंबर करायचा म्हणतो. पाठवावं का?
— आई, कल्याण

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ आहे, बाकी मद्यासाठी २५. हे त्याला स्पष्ट सांगा. जायला परवानगी द्या, पण रात्री घाटात गाडी काढायची नाही, सकाळीच निघायचं, ही एक अट ठेवा. अडचण आलीच तर पहाटे तीनलाही फोन कर, त्या वेळी ओरडणार नाही, असा शब्द त्याच्या वडिलांकडून माझ्या वतीने घ्या.

दरवर्षी ह्यांचे वीसेक मित्र सहकुटुंब आमच्याकडे येतात. तांबडा-पांढरा मीच करते, लोक नाव काढतात, मलाही आवडतं. पण बारा वाजतात तेव्हा मी ओट्यापाशीच असते. हे म्हणतात, घरचीच तर पार्टी.
— एक वाचक, कोल्हापूर

वीस कुटुंबांचा रस्सा म्हणजे वाटणच किती होतं, हे ते भाजणाऱ्या बाईलाच ठाऊक. तुम्हाला रस्सा आवडतो, तर तो तुम्हीच करा आणि कौतुकही घ्या. बाकीचं तुमचं नाही. मटण आणणं, कांदे चिरणं, पानं वाढणं, खरकटं काढणं हे त्यांच्याकडे आणि त्यांच्या मित्रांकडे द्या. भाकरी पोळीभाजी केंद्रातून आणा. आणि साडेनऊला गॅस बंद करून साडी बदला. त्यानंतर कुणाला गरम रस्सा हवा असेल तर पातेलं कुठे आहे ते दाखवा. हे सगळं त्या दिवशी पाहुण्यांसमोर काढू नका, त्यांना तिथे हसून उडवायला सोपं जातं. आज रात्री जेवण झाल्यावर दोघंच असताना सांगा. कबूल नसेल तर यंदाची पार्टी दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ द्या, आणि तुम्ही तिथे पाहुणी म्हणून जा.