तरंगत्या बर्फाची जाडी वरून कशी कळते?

प्रश्न : ताई, माझ्या नववीतल्या मुलाने काठोकाठ भरलेल्या ग्लासात बर्फाचे खडे तरंगत ठेवून दाखवलं की ते वितळले तरी पाणी सांडत नाही. मग अंटार्क्टिकातल्या तरंगत्या बर्फाची एवढी काळजी कशाला करायची? आणि तो पातळ झाला हे सॅटेलाइटला एवढ्या वरून कळतं तरी कसं?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, प्रयोग एकदम बरोबर आहे. आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते, कारण तो मला फार आवडतो.

कधी पहाटे ससून डॉकला जा. बर्फाच्या लाद्या फोडून चुरा बोटीच्या खणात सोडत असतात आणि बोट बोटाबोटाने खाली बसत जाते. धक्क्यावरच्या माणसाला आत डोकवायला लागत नाही, पाण्याच्या वर किती बाजू उरली ते बघून तो सांगतो किती माल भरलाय. आइस शेल्फचं पण तेच. जमिनीवरची हिमनदी समुद्रात उतरून तरंगायला लागली की तिच्या त्या भागाला आइस शेल्फ म्हणतात. त्याचा साधारण एक भाग पाण्याच्या वर दिसतो आणि आठ भाग खाली असतात, म्हणजे सॅटेलाइटच्या रडारला वरची उंची १० सेंटीमीटरने कमी दिसली तर जाडी जवळजवळ ९० सेंटीमीटरने घटली असं धरायचं.

पण मग मोजण्यातली चूकही नऊपट होते ना, खरी मेहनत तिथेच आहे. भरती-ओहोटीने अख्खा शेल्फ वरखाली होतो, हवेचा दाब बदलला तरी हलतो, ते सगळं वजा करायला लागतं. त्यात वर भुसभुशीत बर्फ पडत राहतो, त्यात हवा भरपूर, त्यामुळे उंची वाढते पण वजन तेवढं वाढत नाही. हा बर्फ किती साचतो ते आपल्या लोकांनी अनुभवलंय, १९८३ मध्ये उभारायला घेतलेलं भारताचं पहिलं अंटार्क्टिक स्टेशन दक्षिण गंगोत्री अशाच एका शेल्फवर होतं आणि काही वर्षांतच बर्फाखाली गाडलं गेलं.

आणि एक सॅटेलाइट काही जन्मभर पुरत नाही. १९९१ ला ईआरएस-१ नावाचा सॅटेलाइट अवकाशात गेला, मग ईआरएस-२, मग एन्व्हिसॅट, २०१० पासून क्रायोसॅट-२. जुना चालू असतानाच नवा वर असला तर दोघांनी मोजलेली तीच जागा ताडून बघता येते आणि मगच आकडे एकमेकांना जोडता येतात. ही चिकाटी का हवी ते बघा. १९९४ ते २०१२ अशी १८ वर्षांची सलग मापं २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात पहिली नऊ वर्षं सगळ्या शेल्फची मिळून घट वर्षाला जेमतेम २५ घन किलोमीटर, म्हणजे जवळपास काहीच नाही, आणि पुढच्या नऊ वर्षांत तीच ३१० च्या घरात! पश्चिमेकडच्या काही शेल्फची तर १८ टक्क्यांपर्यंत जाडी गेली, कारण तिथे खालून समुद्राचं त्यातल्या त्यात उबदार पाणी बर्फाला लागतं. २००३ ला मोजणं थांबवलं असतं तर सगळं ठीक आहे असंच वाटलं असतं आपल्याला.

आता काळजीचं. शेल्फ म्हणजे मागच्या हिमनदीला लावलेला टेकू. २००२ मध्ये लार्सन-बी नावाच्या शेल्फचा ३,२५० चौरस किलोमीटरचा तुकडा, म्हणजे आपली मुंबई पाच वेळा मावेल एवढा, महिन्याभरात फुटून गेला. त्याने समुद्र वाढला नाही, ग्लासात दिसतं तसंच. पण टेकू गेल्यावर मागच्या हिमनद्या कितीतरी पट जोरात समुद्राकडे सरकायला लागल्या, आणि तो बर्फ जमिनीवरचा, आधी पाण्यात नव्हताच.

मुलाला सांगा, तोच काठोकाठ ग्लास परत भर आणि आता फ्रीजरमधून आणखी एक खडा आणून वरून सोड. खाली ताट ठेवा मात्र.