एमबीबीएस अर्धवट सोडून सायकॉलॉजीला जाऊ का?

दहावी-बारावीनंतर काय, हे विचारायला येणारी मुलं माझ्याकडे नेहमीचीच. अलीकडे मात्र दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत नीटची परीक्षा देऊन, सीट मिळवून, मेडिकलला वर्ष-दोन वर्षं काढलेली मुलंही येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "एमबीबीएस सोडून क्लिनिकल सायकॉलॉजीला गेलं तर चालेल का?"

सानिका (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) मुंबईतल्या एका सरकारी कॉलेजात सेकंड इयरला होती. घर डोंबिवलीला. आईबरोबर आली आणि आधी आईच बोलल्या. "मॅडम, नीटसाठी ड्रॉप घेतला हिने. आता म्हणते सोडते. हिचे बाबा विचारतात, उद्या स्थळांना काय सांगायचं, अर्धी डॉक्टर?" सानिका पेनाचं टोपण लावत-काढत बसली होती.

आईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा ती बोलती झाली. मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग होतं. शुगर चारशेच्या वर गेलेल्या एक मावशी पुन्हा अ‍ॅडमिट झाल्या होत्या. इन्शुलिन का घेत नाही, असं हिने विचारलं. तर घरी फ्रिज नाही, बाटली शेजारणीकडे ठेवलेली, आणि नळावरच्या भांडणापासून शेजारीण दार उघडेना. सानिकाने हे सगळं हिस्ट्रीत, म्हणजे पेशंटच्या आजाराच्या नोंदीत, उतरवलं. वॉर्डातल्या रेसिडेंट डॉक्टरने सगळ्यांसमोर सुनावलं, "हिस्ट्री घे, कादंबरी लिहू नकोस." त्याच रात्री हिने ठरवलं की आपण इथले नाही.

मला तर ती हिस्ट्री चांगल्या डॉक्टरची वाटली, आणि तसं तिला सांगितलंही. पण त्याआधी दुसरंच विचारलं: झोप किती होते? चार तास, तीही तुटक. जेवण मेसमध्ये जमेल तसं. आवडीच्या गोष्टीही नकोशा झालेल्या. अशा अवस्थेत डिग्रीचा निर्णय घेऊ देत नाही मी कुणाला. तिला आधी सायकॅट्रिस्टकडे, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरकडे, पाठवलं. (मेडिकलच्या मुलांना यात फार कमीपणा वाटतो, आपल्याच कॉलेजच्या ओपीडीत कुणी बघेल ही धास्ती. मग बाहेर जावं, पण जावं.) दोनेक महिन्यांत झोप रुळावर आली. 'मी बिनकामाची आहे' हे वाक्य गेलं. सायकॉलॉजीची ओढ मात्र तशीच राहिली. म्हणजे ती खरी होती, आणि आता तिच्यावर बोलण्यात अर्थ होता.

मग कागद काढला. सेकंड इयरला कॉलेज सोडलं तर कागदोपत्री तुम्ही बारावी पास. तिथून सायकॉलॉजीची पदवी, दोन वर्षांचं एमए आणि त्यावर क्लिनिकलचं प्रशिक्षण. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला कोर्स आणि नोंदणी लागते. वर्षानुवर्षं हा रस्ता दोन वर्षांच्या एमफिलमधून जात होता. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२च्या नियमांत एमफिल बंद केलं आणि क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती प्रवेशाची मुदत २०२५-२६पर्यंत वाढवली. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या सिनियरचा सल्ला इथे चालत नाही. कोणते कोर्स चालू आहेत आणि कोणत्या संस्थांना मान्यता आहे, ते आरसीआयच्या वेबसाइटवर बघायचं. एमए दूरशिक्षणाने करणार असाल, तर पुढच्या प्रवेशाला ते धरतात का, हेही आधीच. आरसीआयची मान्यता नसलेल्या नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी लावता येत नाही. मीही समुपदेशक आहे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नव्हे.

दुसरी बाजू: एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप, पुढे नीट पीजी ही प्रवेशपरीक्षा देऊन सायकॅट्रीत एमडी तीन वर्षं. सायकॅट्रिस्ट औषध लिहू शकतो, सायकॉलॉजिस्ट नाही. आणि सायकॅट्रिस्टने थेरपी शिकू नये असा कुठे नियम नाही.

वर्षांची बेरीज करून मात्र हा प्रश्न सुटत नाही. रोज नऊ ते पाच हाताखाली काय असणार, ते पाहावं लागतं. सानिकाच्या डोक्यात मऊ खुर्ची, कुंडीतलं झाड आणि मन मोकळं करणारा पेशंट होता. माझ्या ओळखीच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टशी तिचं बोलणं करून दिलं. त्यांनी तिच्यासमोर बिने-कामतचं मॅन्युअल ठेवलं; बिनेची ही बुद्धिमापन चाचणी कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेली आहे. एका मुलाची टेस्ट, स्कोअरिंग, रिपोर्ट, मग आईवडिलांना समजावणं, यात सकाळ संपते. लर्निंग डिसॅबिलिटीच्या सर्टिफिकेटसाठी पालक घाईत असतात. थेरपीतला पेशंट तिसऱ्या सेशननंतर येणंच बंद करतो. सानिका दीड तास प्रश्न विचारत बसली. परत आल्यावर म्हणाली, "काम आवडलं. पण त्या मावशींना इन्शुलिनही मीच लिहून द्यावं, असं वाटतं."

तिने एमबीबीएस पूर्ण करायचं ठरवलं. सध्या इंटर्नशिप चालू आहे, सायकॅट्री पहिल्या पसंतीला आहे आणि नीट पीजीची धाकधूकही.

प्रत्येकाला मी हेच सांगते असं नाही. फर्स्ट इयरला अडकलेला, वडिलांच्या हट्टाने आलेला एक मुलगा सोडून बीएला गेला आणि मी त्याच्या बाजूने उभी राहिले. त्याला पेशंटशी बोलणंच नको होतं. आकडे आवडायचे, आता तो संशोधनाकडे वळलाय.

तुम्ही सोडायच्या विचारात असाल तर अर्ज देण्याआधी कॉलेजच्या ऑफिसातून सीट सोडल्यास भरावी लागणारी बाँडची रक्कम लेखी घ्या आणि मूळ मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट कधी परत मिळेल ते विचारा. घरी सांगायचं ते त्यानंतर. बाबांचा पहिला प्रश्न पैशांचाच असतो.