डबा परत पाठवायचा नव्हतास

प्रिय मुला,

डबा परत पाठवलास, ते मला आवडलं नाही. तू समलैंगिक आहेस हे कळल्यावर बाबांनी तुला तोडलं, त्या बाकी सगळ्यात मी तुझ्या बाजूने आहे. पण बहीण दोन रिक्षा बदलून बडोद्यात फतेहगंजपर्यंत आली, पिशवीत मेथीचे लाडू, आणि तू तिला दारातूनच वाटेला लावलीस. ‘त्यांना मी नको, तर त्यांचे लाडूही नकोत.’ बाणेदार वाक्य आहे, पण लाडू ‘त्यांनी’ केले नव्हते. बाबा ऑफिसला गेल्यावर आईने केले आणि बहिणीच्या कॉलेजच्या सॅकमधून घराबाहेर काढले. आपल्याकडे बाप बोलतो तेव्हा ते घराचं म्हणणं ठरतं. आईचं काय म्हणणं आहे, ते बघायला डबा उघडावा लागतो.

‘आमच्या लेखी तू मेलास,’ असं बाबा म्हणाले ना? १९९२ साली दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या जिन्यात मी हेच ऐकलं, शब्दसुद्धा हेच. (या बापांना नवीन काही सुचत नाही.) मी सव्वीस वर्षांचा होतो. पुढची चार वर्षं त्यांना पटवण्यात घालवली. पत्रं लिहिली, मामांना मध्यस्थीला धाडलं, दर पाडव्याला त्या जिन्यात जाऊन उभा राहिलो. तू हे करू नकोस. एकच पत्र लिही: मी बरा आहे, मला कसलाही आजार नाही, माझा पत्ता अमुक. मग आपल्या कामाला लाग. त्यांना वेळ लागेल तर लागू दे, तू तिथे पहारा देत बसायचं नाही.

‘बरा करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे ते पुन्हा नेऊ लागले तर सरळ नाही म्हण. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि २०२२ मध्ये आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असले ‘उपचार’ म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

पेपरात नोटीस देण्याची धमकी आहे, म्हणतोस. देऊ देत. राजपीपळा इथून फार लांब नाही. तिथल्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल २००६ मध्ये आपण समलैंगिक असल्याचं उघडपणे बोलले, तेव्हा गावात त्यांचे पुतळे जाळले, घरच्यांनी जाहीर नोटीस देऊन संबंध तोडले. ते आजही ताठ मानेने काम करताहेत. नोटिशीने वडिलोपार्जित मिळकतीतला तुझा हक्क जात नाही. बाबांची स्वकष्टाची कमाई मात्र ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात, तिच्यावर डोळा ठेवू नकोस. मार्कशीट, आधार, पासबुक यांतलं जे घरी राहिलं असेल ते आधी बहिणीकडून मागवून घे. रागाच्या भरात कागद फाडले जातात, माझा शाळा सोडल्याचा दाखला तसाच गेला.

वडील २००३ मध्ये गेले. खासवाडीच्या स्मशानात मी गर्दीच्या मागे होतो, अग्नी चुलतभावाने दिला. दहाव्याला चांदोदला नर्मदेच्या घाटावर लांबच्या एका पायरीवर बसलो. पिंड ठेवला. सांगायला लाज वाटते, पण मनात होतं की कावळा शिवणार नाही, गुरुजी विचारतील कुणाचं काही राहिलंय का, आणि मग मला पुढे बोलावतील. कावळा लगेच शिवला, भाताचा गोळाच उचलून नेला. परतीच्या बसमध्ये मला इतकी गाढ झोप लागली की कंडक्टरने हलवून उठवलं.

मग माझं कोण, असं तू विचारशील. प्रतापनगरला मी भाड्याने राहायचो, तिथल्या गुजराती घरमालकीण बा. १९९४ मध्ये मला कावीळ झाली, तेव्हा त्यांनीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, पेशंटचं नाव मराठी, तुम्ही कोण? बा चष्मा पुसत म्हणाल्या, ‘लखो ने, मा.’ लिहा ना, आई. त्याने लिहिलं. पुढे बा अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांचे दोन्ही मुलगे अमेरिकेत होते. आठ महिने त्यांना अंघोळ मी घातली. यात थोर काही नव्हतं. वास यायचा, चिडचिड व्हायची, एकदा मी त्यांच्यावर ओरडलोही. घर म्हणतात ते मला तरी इतकंच कळलंय.

रक्ताचं नातं तेवढं खरं, असं बाबा म्हणतात, तेही बडोद्यात राहून! तुझ्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते कवळाण्याच्या शेतकरी घरातले गोपाळराव. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी बारा वर्षांच्या या मुलाला दत्तक घेतलं आणि त्याचे सयाजीराव झाले. दूरची भाऊबंदकी होती, हे कबूल. पण आई झाल्या त्या दत्तकविधानाने. कोर्टाचंही थोडं तसंच आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये एका नर्सच्या प्रसूती रजेच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की लग्नाशिवायचे जोडीदार, समलैंगिक नाती हीसुद्धा कुटुंबाची रूपं असू शकतात. पुढच्याच वर्षी लग्नाचा हक्क मात्र नाकारला. म्हणजे कोर्टही अजून जिन्यातच उभं आहे.

रविवारी जेवायला ये. सेव-उसळ करतो. माझा जोडीदार तिखटाचा हात आवरत नाही, पाणी पिऊन ये. रात्री फार घाबरल्यासारखं झालं तर मला फोन कर. मी उचलला नाही तर १४४१६ लाव, टेलिमानस, सरकारी आहे आणि पैसे पडत नाहीत.

आणि बहिणीला आजच निरोप दे की डबा परत घेऊन ये. लाडू खा. डबा घासून ठेव, पण तो रिकामा द्यायचा नसतो, आईने शिकवलंच असेल. दुसरं काही नसलं खोलीत, तर चार चमचे साखर घालून दे.

तुझा,
काका