बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) नोकरी आहे, लग्न ठरलंय, घर डोंबिवलीत घ्यावं की कर्ज वाढवून कुर्ल्यात? लोक एवढ्या लांबून रोज का येतात?

किलोमीटर मोजून घर ठरवू नका, एवढं आधी सांगते. आणि ते "एवढ्या लांबून का येतात" वाचून मला जरा लागलं, कारण २७ वर्षं मी त्यातलीच एक होते.

१९९६ ला आम्ही डोंबिवली पूर्वेला वन रूम किचन घेतलं. मिस्टर अंबरनाथ एमआयडीसीत, मी फोर्टला, मुंबईच्या दक्षिण टोकाला. त्यांची डाऊन, म्हणजे मुंबईहून बाहेर जाणारी, माझी अप, घर मधे. तेव्हा मोठे दीर म्हणाले होते की जवळची नोकरी बघ नाहीतर फोर्टच्या आसपास भाड्याने राहा. फोर्टच्या आसपास! तिथल्या जुन्या इमारतींत १९४७ च्या भाडे कायद्यापासूनची गोठलेली भाडी, पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे भरून मिळालेली कायमच्या भाड्याची खोली कोण कशाला सोडेल, आणि नवीन भाड्याने घ्यायची तर आमचे दोघांचे पगार घालूनही परवडली नसती. भाऊजी स्वतः बांद्र्याला सरकारी क्वार्टर्समधे, ऑफिसला चालत जायचे. त्यांना वाटायचं लांब राहणं म्हणजे नियोजन नसणं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. २००८ ला आमचं ऑफिस फोर्टहून बीकेसीला आलं. डोंबिवली ते व्हीटी (आताचं सीएसएमटी) ४८ किलोमीटर, कुर्ला ३३. भाऊजींचा फोन आला, बरं झालं गं, १५ किलोमीटर वाचले. मी पण खूश होते पहिले दोन दिवस. आधी काय होतं, मी डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल पकडायचे, विंडो नाही तरी तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळायची, व्हीटीला अख्खी गाडी रिकामी होते त्यामुळे उतरायची मारामारी नाही, आणि संध्याकाळी गाडी तिथूनच सुटते म्हणून परत बसून. सव्वा तास पण बसून, अर्धी झोप तिथेच व्हायची. आता कुर्ल्याला उतरायचं तर घाटकोपर गेलं की उठून दारापर्यंत सरकत राहायचं, बाकी सगळ्या पुढे जाणाऱ्या, त्या हलत नाहीत आणि त्यांचीही चूक नाही. मग पश्चिमेला शेअर रिक्षाची लाईन. संध्याकाळी तर गाडी कुर्ल्याला भरूनच येते, पहिल्या दोन सोडायच्या, तिसरीत कसंबसं पाय ठेवायचे, ठाण्यापर्यंत श्वास मोकळा नाही. घरी पोचायला आधीपेक्षा वीस मिनिटं जास्तच लागायची. १५ किलोमीटर वाचले आणि माझी पाठ त्याच वर्षी गेली.

मुंबई लांबट आहे, रेल्वे सगळी उत्तर-दक्षिण. ऑफिसं टोकाला होती तोवर गर्दी एका दिशेने आणि शेवटपर्यंत जायची. ऑफिसं मधे आणून ठेवली पण पूर्व-पश्चिम जायला काही नव्हतं, घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आली ती २०१४ ला, तीही बीकेसीला जात नाही. नवी मुंबईचंही तेच. १९७० ला ती वसवायला सिडको ही सरकारी कंपनी झाली, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांचं म्हणणं होतं की सरकारी कार्यालयंच तिकडे न्या म्हणजे माणसं आपोआप जातील. मंत्रालय जागचं हललं नाही, उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून टॉवर उभे राहिले, आणि वाशीला लोकल पोचायला १९९२ उजाडलं. म्हणजे घरं एकीकडे बांधली, नोकऱ्या दुसरीकडे ठेवल्या, आणि दोष डोंबिवलीच्या माणसाला.

आता मुलगी ऐरोलीला आहे. नकाशावर डोंबिवलीहून हाताच्या अंतरावर, पण मधे पारसिकचा डोंगर, म्हणून ठाण्याला जाऊन ट्रान्सहार्बरची, म्हणजे तिथून नवी मुंबईला जाणारी गाडी पकडावी लागते.

भाऊजी रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा घर परवडलं ते बदलापूरला. त्यांचा मुलगा आज तिथूनच लोअर परळला जातो, पूर्वी गिरण्या होत्या तिथे. त्याला कोणी नियोजन नाही म्हणत नाही, आणि मी पण म्हणणार नाही. पण नोकरी सोडायचा सल्ला मला दिला होता, मिस्टरांना कोणी दिला नव्हता, हे मी विसरलेले नाही.

तर तुमचं. लग्न ठरलंय लिहिलंत, होणाऱ्या बायकोची नोकरी कुठल्या दिशेला आहे ते लिहिलंच नाहीत. ऑफिसजवळ म्हणजे कोणाच्या ऑफिसजवळ? माझं मत, एका नोकरीच्या भरवशावर वीस वर्षांचं कर्ज वाढवू नका, कंपनी तुम्हाला विचारून जागा बदलत नाही. डोंबिवलीत घ्या, पण स्टेशनला चालत जाता येईल असंच. रोज रिक्षाची भर पडली की सगळं गणित बिघडतं.

हां, घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल तर माझं ऐकू नका, कुर्ल्याला पहिली काही वर्षं भाड्याने राहा. आणि वर्क फ्रॉम होम दोन-तीन दिवस असेल तरी हिशोब वेगळा. बाकी टोकन द्यायच्या आधी एक आठवडा संध्याकाळी सातला कुर्ल्याहून डोंबिवली फास्ट पकडून बघा, दोघांनीही, तिने लेडीज डब्यात.