स्क्रिप्ट एडिटरमध्ये वेळ नेमका जातो कुठे?

प्रश्न : मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, निकालाचं काम गूगल शीटमध्ये करते. भाच्याने एक्स्टेन्शन्समधून अ‍ॅप्स स्क्रिप्ट (शीटसाठी कोड लिहायची जागा) उघडून थोडंफार शिकवलं, त्यावर बेरीज आणि श्रेणी काढणारी स्क्रिप्ट लिहिली, चालते पण, फक्त ४३० मुलं आणि ६ विषय म्हटल्यावर रन दाबून चहा पिऊन आलं तरी संपत नाही आणि शेवटी लाल अक्षरात 'एक्सीडेड मॅक्झिमम एक्झिक्युशन टाइम'. काही बारीक बदललं की परत पहिल्यापासून. भाचा म्हणतो मावशी तू शॉर्टकट शिक, माउस सोड. खरंच फरक पडेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भाच्याला रागावू नका, पण त्याचं औषध दुसऱ्याच दुखण्यावरचं आहे. एका रनला ६ मिनिटं मिळतात, तुम्ही कितीही फास्ट टाइप केलंत तरी सातवं मिनिट मिळत नाही. कोड तुम्ही पाठवला नाहीये तरी सांगते, लूपच्या, म्हणजे तेच काम परत परत करणाऱ्या तुकड्याच्या, आत गेटव्हॅल्यू, म्हणजे एकाच खान्यातला आकडा आणणारी आज्ञा, असणार. सगळे पहिल्यांदा तसंच लिहितात, मीही लिहिलंय. आता हिशोब करा, ४३० मुलांचे ६ विषय म्हणजे २५८० वेळा शीटकडे जाऊन एकेक मार्क आणायचा, आणि बेरीज-श्रेणी ठेवायला आणखी ८६० फेऱ्या. मीठ आणलं, घरी आलो, परत जिऱ्यासाठी दुकानात, असं चाललंय ते. त्याऐवजी लूपच्या आधी सगळ्या रेंजवर एकदाच गेटव्हॅल्यूज, शेवटी 'ज' आहे तो महत्त्वाचा, सगळे मार्क एका झटक्यात अ‍ॅरेमध्ये, म्हणजे स्क्रिप्टमधल्या यादीत, येतात, हिशोब तिथेच करायचा आणि निकाल शेवटी एकदाच सेटव्हॅल्यूजने टाकायचा. चहा गॅसवर ठेवेपर्यंत होईल. दोन ठिकाणी हमखास अडाल : अ‍ॅरे ० पासून मोजतो त्यामुळे पहिल्या मुलाचा नंबर ०, आणि सेटव्हॅल्यूजला रेंज आणि अ‍ॅरे अगदी मापात लागतात, हेडिंगची ओळ चुकून मोजलीत की एरर.

दुसरं म्हणजे बारीक बदल तपासायला ४३० मुलं कशाला? शीटची कॉपी करा, त्यात ५ मुलं ठेवा, एक नापास, एक गैरहजर, एक ज्याच्या मार्कांच्या जागी कोणीतरी 'एबी' लिहिलंय असा, कारण स्क्रिप्ट पडते ती नेहमी अशाच मुलापाशी. कुठे पडते ते बघायला लूपमध्ये लॉगच्या, म्हणजे काय चाललंय ते छापणाऱ्या, ओळी कोंबत बसण्यापेक्षा लाइन नंबरच्या डावीकडे क्लिक करून ब्रेकपॉइंट, म्हणजे इथे थांब अशी खूण, लावा आणि रनऐवजी डीबग दाबा, त्या क्षणी कुठल्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे माहिती ठेवायला दिलेल्या नावात, काय आहे ते बाजूला दिसतं. आणि शीटमधल्या मेनूवरून चालवत असाल तर आधी कंट्रोल एस, कारण तिथून सेव्ह केलेलाच कोड चालतो. बदल केला तरी फरक का नाही म्हणून मी एकदा अख्खी दुपार घालवलीये.

एवढं झालं की मग शॉर्टकट, आणि तेही सगळे नकोत. व्हेरिएबलचं नाव बदलायचं तर त्यावर कर्सर ठेवून एफ२, सगळीकडे बदलतं. कंट्रोल आणि तिरकी रेघ दाबली की ओळ कॉमेंट होते, परत दाबली की परत चालू. आल्ट धरून वरखाली बाण दाबले की ओळ सरकते. बाकीचे विसरलात तर एफ१ दाबा, यादीच उघडते.

प्रश्न : माझ्या स्क्रिप्टमध्ये 'दुसऱ्या सत्राचे गुण' असं टॅबचं नाव आहे, शीटवरही अगदी तेच आहे, दहा वेळा तपासलं, तरी एरर येते 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल'. वेड लागायची पाळी आलीये.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : डोळ्यांना तेच दिसतंय, कॉम्प्युटरला नाही. घोळ 'ऱ्या'चा आहे. हे अक्षर कोणी ऱ ला हलन्त लावून टाइप करतं, कोणी साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतं, कीबोर्ड बदलला की पद्धत बदलते आणि दिसायला दोन्ही सारखंच. टॅबचं नाव फोनवरून दिलं असेल आणि कोड ऑफिसच्या पीसीवर लिहिला असेल तर हे सहज होतं, नावावरून टॅब शोधणाऱ्या गेटशीटबायनेमला तसा टॅब सापडत नाही, तो नल, म्हणजे 'काहीच नाही', देतो आणि एरर मात्र पुढच्या ओळीवर येते, म्हणून माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो. नाव परत टाइप करू नका, टॅबवरूनच कॉपी करून कोडमध्ये पेस्ट करा, आणि तेही फाइलच्या डोक्यावर एकाच जागी, पुढे सगळीकडे तेच व्हेरिएबल वापरायचं. नावाऐवजी टॅबचा क्रमांक द्या असं कोणी सुचवेल, नका ऐकू, कोणीतरी टॅब ओढून इकडचा तिकडे करतंच.

व्हेरिएबलची नावं मराठीत ठेवली तर चालतात बरं का, गुण, एकूण, श्रेणी, वाचायला छान वाटतं. फक्त त्यात 'ऱ्या' येऊ देऊ नका.