आपले प्रश्न : ‘नॅनो’ गाळणी आणि आपले पाणी

प्रश्न : आमच्या गावात (किनवट तालुका, जि. नांदेड) हातपंपाचे पाणी पिणाऱ्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडत आहेत. चांदीच्या नॅनो तंत्राचा फिल्टर बसवल्यास कोणतेही दूषित पाणी शुद्ध होते, असे एक विक्रेता सांगतो. वर्गणी काढून तो शाळेसाठी घ्यावा काय?

उत्तर : निदान या डागांसाठी तरी घेऊ नये. आपण लिहिलेली लक्षणे पाहता संशय फ्लोराइडवर जातो. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात बेसाल्टबरोबर जुना ग्रॅनाइट खडकही आहे आणि अशा खडकातील काही खनिजांमधून फ्लोराइड भूजलात उतरत असते. चांदीचे सूक्ष्म कण जिवाणू मारतात, परंतु पाण्यात विरघळलेल्या फ्लोराइडवर त्यांचा काही उपाय चालत नाही. २००९ साली टाटा समूहाने भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनोकण वापरून ‘स्वच्छ’ हा स्वस्त फिल्टर बाजारात आणला, तोही रोगजंतूंसाठीच होता.

‘नॅनो’ हे पदार्थाचे नाव नसून मापाचे नाव आहे. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग अवघा सहा चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे एकेक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर भरतो. दूषित घटक ज्या पृष्ठभागाला चिकटतो तो चिमूटभर पदार्थात एवढा मिळतो, हेच या तंत्राचे खरे बळ. मात्र काय चिकटणार हे पृष्ठभाग कशाचा आहे यावर ठरते. आयआयटी मद्रासमधील प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने विकसित केलेले ‘अमृत’ हे तंत्र लोहाच्या नॅनोरचित संयुगाने आर्सेनिक धरून ठेवते; बंगाल-बिहारच्या गाळाच्या प्रदेशात त्याचे मोल मोठे आहे, पण आर्सेनिकसाठी बेतलेले यंत्र फ्लोराइडसाठी विकत घेण्यात अर्थ नाही.

फ्लोराइडसाठी ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा पृष्ठभाग उपयोगी पडतो. अनेक दशके वापरात असलेल्या सक्रियित ॲल्युमिनाच्या (याच ऑक्साइडच्या सच्छिद्र रूपाच्या) एका ग्रॅमलाही दोनशे चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो, कारण त्याची छिद्रेच मुळी काही नॅनोमीटरची असतात. नाव नवे असले, तरी गुण जुना आहे. नव्या नॅनोचूर्णांची क्षमता याहून जास्त सांगितली जाते, पण ती बहुधा प्रयोगशाळेत फ्लोराइड घालून तयार केलेल्या पाण्यात मोजलेली असते. आपल्याकडील बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते, पाणी अल्कधर्मी असते आणि अशा पाण्यात या पदार्थाची फ्लोराइड धरण्याची ताकद पुष्कळ कमी होते. शिवाय तो भरला की कॉस्टिक सोडा व आम्ल यांनी धुऊन पुन्हा कामाला लावावा लागतो. हे काम शाळेत कोण करणार आणि धुतलेले फ्लोराइडयुक्त पाणी कोठे सोडणार, हे माझ्या मते किमतीच्या आधी विचारावे.

त्याहीआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून पाण्याची तपासणी करून घ्यावी. भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. शाळेच्या छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवता आले, तर मुलांच्या पिण्यापुरते ते कोणत्याही नॅनोचूर्णापेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न : लातूरजवळ आमचे घर आहे. बोअरचे पाणी इतके जड आहे की डाळ शिजत नाही. आरओ बरेच पाणी वाया घालवतो. त्याऐवजी नॅनोफिल्ट्रेशन चालेल काय?

उत्तर : जडपणा हीच मुख्य तक्रार असेल, तर चालेल. नॅनोफिल्ट्रेशनमध्ये पाणी दाबाने एका पातळ पडद्यातून गाळतात; या पडद्याची छिद्रे सुमारे एक नॅनोमीटरची असतात. जडपणा आणणारे कॅल्शिअम व मॅग्नेशिअम बऱ्याच अंशी अडतात, सोडिअमसारखे क्षार बरेचसे पार होतात, दाब आरओपेक्षा कमी लागतो आणि वीजही कमी खर्च होते. वाया जाणारे पाणी मात्र शून्यावर येत नाही, आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या लातूरकरांना त्याचे मोल सांगायला नको. ते धुण्या-पुसण्यासाठी वापरावे. नायट्रेट या पडद्यात फारसे अडत नाही, म्हणून तपासणीत ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर आले, तर केवळ या पडद्यावर विसंबू नये.

प्रश्न : पैठणला आमचे रेशीम रंगवण्याचे छोटे काम आहे. रंगाचे पाणी उन्हात टायटॅनिअम डायऑक्साइडची पूड घालून ठेवले तर स्वच्छ होते, असे वाचले. करून पाहावे का?

उत्तर : तत्त्व खरे आहे. या पुडीवर अतिनील किरण पडले की रंगाचे रेणू तोडणारे अतिक्रियाशील घटक तयार होतात. परंतु उन्हात अतिनील भाग थोडाच असतो, आणि रंग गडद असला तर तो प्रकाश स्वतःच शोषून पुडीपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून आधी तुरटी व चुना टाकून गाळ बसू द्यावा आणि वर राहिलेले फिकट पाणी उथळ, पसरट टाकीत घ्यावे. मोकळी पूड पाण्यात ढवळल्यास ती पुन्हा वेगळी करणे जिकिरीचे होते आणि नाल्यातून ती गोदावरीत जाईल. काचेवर किंवा कौलावर पक्का बसवलेला तिचा थर अधिक बरा. रंग उडाला तरी रंगवताना घातलेले मीठ आणि काही अर्धवट तुटलेले रेणू पाण्यात शिल्लक असतात, त्यामुळे हे पाणी विहिरीजवळ मुरवू नये आणि तळाचा गाळ सुकवून वेगळा ठेवावा.