'बालेकिल्ला'तला 'बाल' लहान नव्हे

सोलापूरकडच्या एका वाचकाने विचारलंय : "सांगोला हा शेकापचा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला असं सगळे म्हणतात. तो पक्षाचा म्हणायचा की गणपतराव देशमुखांचा? आणि बालेकिल्ला म्हणजे मोठ्या किल्ल्यातला बाल, म्हणजे लहान किल्ला, हे खरं का?"

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण ही 'बाल' व्युत्पत्ती ऐकून कान किटले आहेत. गडावर माहिती देणारे ती सांगतात, सहलीला आलेले गुरुजी सांगतात, भाषेवर लिहिणारेही बेधडक छापतात. साफ चूक आहे. बालेकिल्ल्याचा घेर कमी असतो हे खरं, पण नाव पडलं ते उंचीवरून. फारसीत 'बाला' म्हणजे वर, उंच. काबूलचा आणि पेशावरचा बाला हिसार हे याचेच भाऊबंद. आपल्याकडे बीड-धाराशिवचा बालाघाट आहे. वऱ्हाडात तर जोडीच होती, वरचा बालाघाट आणि खालचा पाईनघाट. 'पाईन' म्हणजे खाली. तिथे 'लहान घाट' असा अर्थ लावून बघा, बसतच नाही.

त्याहून मला आवडतो तो 'बोलबाला'. बोल अधिक बाला, म्हणजे ज्याचा शब्द वर. निकालाच्या दुसऱ्या दिवशी 'अमक्यांचा बोलबाला, बालेकिल्ला राखला' असा मथळा येतो, तेव्हा एकाच ओळीत हा पाहुणा दोनदा येऊन गेलेला असतो आणि छापणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. 'बालाबाल'सुद्धा याच घरातला. कुणाला न विचारता वरच्यावर उरकलेलं काम ते बालाबाल. आमची आजी घरात काही परस्पर ठरलं की म्हणायची, "मला न सांगता बालाबाल उरकलंत ना?" तिला फारसीचा गंध नव्हता, पण अर्थ नेमका ठाऊक होता. 'वरच्यावर' हा आपला मराठी शब्द त्याच वळणाने गेलाय, हे लक्षात आलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

आता 'बाला'चा 'बाले' कसा झाला? बहुतेक जण म्हणतात, बोलताना झिजला. मला ते पटत नाही. झिजायचाच तर 'बालकिल्ला' झाला असता. मधे ठसठशीत 'ए' कुठून आला? माझं मत असं की तो फारसीतला जोडणारा 'ए' आहे, 'तख्त-ए-ताऊस' मधला. बाला-ए-किला, म्हणजे किल्ल्याचा वरचा भाग. हे मानलं की अर्थही चोख बसतो. बालेकिल्ला हा स्वतंत्र किल्ला कधीच नसतो, तो दुसऱ्या किल्ल्याचा माथा असतो. हे ज्यांना मान्य नाही त्यांनी त्या 'ए'चा दुसरा हिशोब द्यावा. 'लोक तसं म्हणतात' हे उत्तर मी धरत नाही.

राजगड चढून गेलात तर हे डोळ्यांना दिसतं. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या, म्हणजे माथ्याखालचे तटबंदीचे सपाट भाग, तीन बाजूंना पसरलेल्या, आणि मधे उभा कडा. वर जायला कातळातल्या अरुंद पायऱ्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्ध्यावर दोन्ही हातांनी खडक धरून थांबलो होतो, वरून उतरणारा एक गावकरी म्हणाला, "भाऊ, खाली बघू नका, हात बघा." माच्या पडल्या तरी शेवटची लढाई इथून करायची, यासाठी ही जागा. म्हणून बालेकिल्ला म्हटलं की आजूबाजूला माच्या हव्यात, आणि तो सगळ्यात शेवटी पडायला हवा.

आणि आमचे वार्ताहर दोनदा निवडून आलेल्या कुठल्याही मतदारसंघाला बालेकिल्ला म्हणतात! कसबा पेठ १९९५पासून भाजपकडे होती, २०२३च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसकडे गेली, लगेच 'बालेकिल्ल्याला खिंडार'. खिंडार तटाला पडतं. जागाच गेली तर बालेकिल्ला पडला म्हणा, सरळ. बारामतीत २०२४ला दोन्ही बाजूंना पवारच उभे होते. तिथे तर लढाई बालेकिल्ल्याच्या आतली होती, तिला खिंडार म्हणणं शब्दाचा खून आहे.

सांगोल्याचं मात्र जमतं. देशमुख १९६२ला पहिल्यांदा निवडून आले. १९७२ला हरले, १९७४च्या पोटनिवडणुकीत परत आले, १९९५ला शहाजीबापू पाटलांकडून हरले, १९९९ला पुन्हा आले आणि २०१४पर्यंत एकूण ११ वेळा आमदार झाले. एवढ्या वर्षांत पक्ष एकच. २०१९ला ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. त्याच वर्षी अलिबाग गेलं, पेण गेलं. अलिबाग-पेण अजून परत आलेलं नाही. सांगोला २०२४ला दुसरे नातू बाबासाहेब यांनी परत घेतलं, आणि आज विधानसभेत शेकापची तेवढी एकच जागा आहे. माच्या पडल्या, माथा उरला. बालेकिल्ला शब्द इतका नेमका बसलेला मतदारसंघ मला महाराष्ट्रात दुसरा दिसत नाही.

जाता जाता आणखी एक, कारण हेही रोज वाचतो : 'पक्षाचे चारही बालेकिल्ले ढासळले'. एका किल्ल्याला माथा एकच. चार असतील तर त्या माच्या. अलिबागला शेकापची माची म्हणा, पेणला माची म्हणा. शब्द आपल्याच गडावरचा आहे, छोटा आहे, आणि मथळ्यात जागाही कमी घेतो.